एका स्वयंपाकघरातले चार भाव

श्रावण लागला की घरगुती खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो : "यंदा चकली काय लावलीत?" उत्तरं भराभर येतात. कोणी ४८०, कोणी ५२०, कोणी "आमची ६०० ने जाते" असं जरा ऐटीत. विचारणारी त्यातला मधला आकडा उचलते, दहा रुपये इकडे-तिकडे करते आणि भाव छापून मोकळी होते. मग त्याच अंदाजाने लाडू, करंज्या, गणपतीतले मोदक आणि ऑफिसला जाणारे डबे, सगळ्यांचेच भाव ठरतात.

शेजारणीला भाव विचारण्यात गैर काही नाही. फक्त तिने तो आकडा कुठून आणला, हेही एकदा विचारून बघा. बहुतेक वेळा तिनेही तो कोणाला तरी विचारूनच आणलेला असतो.

धंद्याच्या पुस्तकांत किंमत ठरवण्याच्या पद्धतींची लांबलचक यादी असते. खर्चावर नफा चढवणं, स्पर्धकाच्या बरोबरीने राहणं, गिऱ्हाइकाला वाटणाऱ्या मोलावर भाव लावणं, आधी भाव ठरवून त्यात माल बसवणं, मागणी वाढली की भाव चढवणं. वाचणाऱ्याला वाटतं, यातली एक निवडायची आणि सबंध धंद्याला लावायची. माझ्या मते इथेच गाडी रुळावरून घसरते. पद्धत निवडायची ती प्रत्येक वस्तूसाठी वेगळी. एकाच ओट्यावर होणाऱ्या चार पदार्थांना चार पद्धती लागू शकतात. कोणत्या वस्तूला कोणती, हे ठरवायला मी पहिला प्रश्न एकच विचारते : हीच वस्तू गिऱ्हाईक दुसरीकडे किती सहज ताडून पाहू शकतं?

पण त्याही आधी पडतळ, म्हणजे वस्तू आपल्याला केवढ्याला पडते ते, निघायला हवी.

पडतळ : जिथे बहुतेक जणी फसतात

हिशेब चकलीचाच करू. खालचे दर मी फक्त मांडणीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या वाण्याचे घाला. दिवसभरात दहा किलो चकली करायची आहे. भाजणीचं पीठ साडेसात किलो, दळणासकट ११० रुपये किलोने ८२५ रुपये. मोहन आणि तळताना चकलीने प्यायलेलं तेल मिळून तीन किलो, १५० ने ४५० रुपये. तीळ, ओवा, तिखट, हिंग, मीठ १७५ रुपये. झाले १,४५०. म्हणजे किलोला १४५. "तीनशेने दिली तरी दुप्पट सुटतात" असं म्हणून पुष्कळ जणी इथेच वही मिटतात.

आता वही पुन्हा उघडू. कढईत उरलेलं, काळं पडलेलं तेल पुढच्या मालाला वापरता येत नाही, ते धरा १५० रुपये. गॅस १५०. सोऱ्यावर आणि कढईशी बसलेल्या दोन मदतनीस, पाच-पाच तास, तासाला ८० रुपयांनी ८००. दहा किलोतला अर्धा किलो तरी चुरा होणार, म्हणजे विकण्याजोगी साडेनऊ किलो. त्याची पाव किलोची ३८ पाकिटं, लेबलासकट सात रुपयांनी २६६. एकूण २,८१६ रुपये, भागिले साडेनऊ. किलोला २९६.

तीनशेला विकली तर किलोमागे चार रुपये उरले. १५५ नव्हेत, चार. आणि अजून तुमची स्वतःची मजुरी यात आलेलीच नाही.

ती अशी धरायची. बाजारहाट, दळण, ऑर्डरींचे फोन, पोचवणं, यात तुमचे चार तास गेले. तासाला १०० रुपये धरा, ४०० झाले. पडतळ ३३८ वर गेली. शिवाय एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी, वीज, मोबाईल, दुचाकीचं पेट्रोल, शेगडी आणि सोऱ्या यांची झीज हे खर्च कोणत्याच एका चकलीच्या नावावर नसतात, म्हणून कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. हंगामभरात हे सगळं मिळून ६,००० रुपये होत असतील आणि एकूण माल दीडशे किलो जात असेल, तर किलोला आणखी चाळीस रुपये. आली पडतळ ३८० रुपयांच्या घरात.

स्वतःची मजुरी लावायला आपल्या बायका फार संकोचतात. "घरचंच तर आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, लिज्जतचा दाखला देते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला घेतले, त्यातून ती संस्था उभी राहिली. लाटणाऱ्या सगळ्या भगिनी संस्थेच्या मालकीणच, तरी त्यांना किलोमागे लाटणावळ मिळते. हातांचा दर आधी, नफ्याचं वाटप नंतर. मालकीण असल्याने मजुरी फुकट होत नाही. उद्या तुमचा हात दुखावला आणि तुमच्या जागी बाई लावायची वेळ आली, तर तिला पैसे द्यावेच लागतील. ते भावात आधीपासून नसतील तर धंदा त्याच दिवशी बंद पडेल.

पडतळीचं काम इतकंच : कुठल्या आकड्याच्या खाली "परवडत नाही" म्हणायचं, ते ती सांगते. भाव किती असावा हे ती सांगत नाही. तुमचा खर्च गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि त्याला त्याच्याशी देणंघेणंही नसतं.

टक्क्यांचा घोळ

नफा पडतळीवर मोजला की विक्रीच्या भावावर, हे एकदा नक्की करून टाका. शंभराची वस्तू सव्वाशेला विकली तर पडतळीवर नफा २५ टक्के, विक्रीवर २० टक्के. दोन्ही आकडे खरेच. घोळ होतो तो दुसऱ्याचं कमिशन द्यायच्या वेळी, कारण दुकानदार आणि ॲपवाले आपला वाटा नेहमी विक्रीच्या भावावर मोजतात.

समजा एखादं ॲप २५ टक्के घेतं. तुम्हाला हातात १०० रुपये हवेत, म्हणून तुम्ही पंचवीस मिळवून भाव १२५ लावला. ॲपने १२५ चे २५ टक्के म्हणजे ३१ रुपये २५ पैसे कापले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तुमची स्वतःची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. म्हणजे खरी कपात साडेएकोणतीस टक्क्यांची. हातात पडले ८८ रुपये. शंभर हवे असतील तर मिळवायचं नाही, भागायचं : १०० भागिले ०.७०५, म्हणजे साधारण १४२ रुपये. कॅल्क्युलेटरवर दोन बटणांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे ॲपवर दणकून विक्री असूनही पैसा दिसत नाही अशी तक्रार करणारे किती तरी जण भेटतात.

दुकानदाराचंही तसंच. पाव किलोच्या पाकिटाची तुमची पडतळ ९५ रुपये, तुम्हाला सुटायला हवेत निदान पंधरा. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के मागतो. ११० भागिले ०.८०, म्हणजे १३७ रुपये ५० पैसे. पाकिटावर १४० छापावे लागतील. आणि एकदा दुकानात १४० छापलंत की घरून १२० ला विकायचं नाही. दुकानदाराला ते आज ना उद्या कळतंच. मग तो तुमची पाकिटं मागच्या फळीवर सरकवतो, बोलत काही नाही.

चकली : इथे बाजार बोलतो

आता तो पहिला प्रश्न. चकली ताडून पाहणं सोपं आहे. प्रत्येक गल्लीत मिळते, वजनावर मिळते, चार ठिकाणी भाव विचारायला दोन मिनिटं लागतात. अशा वस्तूला बाजाराचा पट्टा असतो आणि तुम्हाला त्याच पट्ट्यात राहावं लागतं. बाजार ४८० ते ५६० असेल आणि तुमची पडतळ ३८०, तर तुम्ही सुखात आहात. पडतळ ५०० असेल तर भाव वाढवून सुटका नाही. एक तर खरेदी, चुरा, पाकीट यांत कुठे पैसा गळतोय ते शोधा, नाही तर चकली करणं सोडा. सोडणं हाही भावाबद्दलचाच निर्णय आहे, आणि तो वेळेवर घेणारे फार थोडे.

पट्ट्यात कुठे बसायचं? नवखी व्यक्ती खालच्या टोकाला जाते. हे मला पटत नाही. स्वस्त म्हणून आलेलं गिऱ्हाईक आणखी स्वस्त मिळालं की जातं. कमी भावाने बाजार काबीज करता येत नाही असं नाही. अहमदाबादच्या निर्माने १९६९ पासून तेच केलं, आणि तो माल घराघरांत पोचला. पण त्यासाठी माल कमी खर्चात बनवण्याची युक्ती लागते आणि दांडगा खप लागतो. तुमच्या दोन शेगड्यांवर यातलं काहीच नाही. मध्याच्या जरा वर बसा आणि त्याचं कारण पाकिटावर दिसू द्या : कोणतं तेल, कधी तळली, भाजणी घरची की विकतची.

सवलत जाहीर करण्याआधी एक हिशेब करा. शंभर रुपयांच्या वस्तूत तुम्हाला पंचवीस सुटत असतील आणि तुम्ही दहा टक्के सूट दिलीत, तर सुटणारे उरले पंधरा. आधी शंभर पाकिटांत जेवढं मिळत होतं तेवढं मिळवायला आता १६७ पाकिटं विकावी लागतील. तेवढं तळायला हात आहेत का? उलट भाव पाच रुपयांनी वाढवला तर पाकिटामागे तीस सुटतात, आणि शंभरातली सोळा गिऱ्हाइकं तुटली तरी मिळकत आधीपेक्षा कमी होत नाही. हा हिशेब पाहिल्यावर दिवाळीच्या आधी "दहा टक्के सूट" लिहायची हौस बरीचशी ओसरते.

डबा : खर्चावर नफा

ऑफिसात किंवा एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे रोज जाणारा डबा ही वेगळी गोष्ट. गिऱ्हाईक तेच, रोजचं, आणि त्याला भावापेक्षा भरवसा हवा असतो. इथे साधी पद्धत चालते : पडतळ काढा, त्यावर ठरलेला टक्का चढवा. डब्याची पडतळ ७० रुपये, वर वीस टक्के, ८४. महिन्याचे सव्वीस डबे, २,१८४. सरळ २,२०० सांगा.

रिक्षाचं भाडं याच पद्धतीने ठरतं. गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, चालकाचा उदरनिर्वाह, सगळं मांडून सूत्र बसवलेलं असतं आणि वेळोवेळी भाडं सुधारतं. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ ला किमान भाडं २३ चं २६ झालं ते असंच. प्रवासी कुरकुरतात, पण भाडं मनाला येईल तसं वाढवलं असं म्हणता येत नाही, कारण वाढीला कारण असतं आणि ती सगळीकडे एकदम होते. डब्याच्या दरालाही हीच शिस्त लावा. सुरुवातीलाच सांगून ठेवा की दर वर्षातून दोनदा तपासला जाईल, समजा जानेवारीत आणि जुलैत. मग दरवेळी ताकाला जाऊन भांडं लपवायला नको.

या पद्धतीत धोका आहे तो खर्च अचानक उसळण्याचा. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण भार साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. तेव्हा गणपती बसलेले होते आणि फराळाच्या आगाऊ ऑर्डरी जुन्या भावाने घेणं सुरू झालं होतं. ज्यांनी "भाव अमुक तारखेपर्यंत" असं लिहिलं होतं त्या वाचल्या. बाकीच्यांनी दिवाळीभर तळलं आणि तेलवाल्याला दिलं. २०२५ साली नारळाने तोच खेळ दाखवला. तेव्हा मुख्य मालाचा भाव ठरावीक टक्क्यांपलीकडे चढला तर दर बदलेल, ही ओळ दरपत्रकावर कायमची छापून ठेवा. कोणी वाचत नाही असं वाटतं, पण वेळ आली की बोट ठेवायला जागा असते.

मोदक : हात मोजकेच

गणेश चतुर्थीचे उकडीचे मोदक ताडून पाहायला गिऱ्हाइकाकडे वेळच नसतो. ते त्याच दिवशी, सकाळी, आरतीच्या आत हवे असतात. आणि तुमच्याकडे हात मोजकेच. तीन जणी, पाच तास, तासाला प्रत्येकी पंचवीस धरले तर ३७५ मोदक. मागणी आठशेची. इथे पडतळ काढून वीस टक्के चढवणं म्हणजे आपल्याच हाताने नुकसान करून घेणं. भाव असा हवा की मागणी साधारण हातांएवढी खाली यावी. पडतळ वीस रुपये आणि भाव पंचेचाळीस यात मला काही पाप दिसत नाही. संकष्टीला तोच मोदक तिसाला द्या. तेव्हा हात रिकामे असतात.

मागणीप्रमाणे भाव हलवण्याची पद्धत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला ती लावली : दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, जास्तीत जास्त दीडपट. त्या "जास्तीत जास्त"कडे लक्ष द्या. गणपतीला कोकणात आणि दिवाळीला विदर्भात जाणाऱ्या खासगी बसचे भाव इतके चढायचे की एप्रिल २०१८ मध्ये राज्य सरकारला शासन निर्णय काढून एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा घालावी लागली. ती किती पाळली जाते, हे सणाला गावी जाणाऱ्यांना विचारा. पण लोकांच्या मनातला संताप त्यातून दिसतो. अडलेल्याला लुटलं असं एकदा वाटलं की ते गिऱ्हाईक पुढच्या चतुर्थीला विसरत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांभाळा. सणाचा भाव महिनाभर आधी जाहीर करा, आदल्या रात्री नाही. जुन्या गिऱ्हाइकांना अमुक तारखेच्या आत नोंदवलं तर जरा कमी भाव द्या. आणि पैसे आगाऊ घ्या, सगळे. चतुर्थीच्या सकाळी "आमच्या वहिनींनीच आणलेत हो" असं म्हणणाऱ्यांचे मोदक संध्याकाळी कोणी घेत नाही.

फराळाचा डबा : आता भाव वस्तूचा नाही

चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, करंज्या एका सुबक डब्यात भरून भेट म्हणून विकल्या की ताडून पाहणं जवळजवळ संपतं. डब्यातल्या चकलीचा किलोचा भाव कोणी काढत बसत नाही. देणाऱ्याला हवी असते ती सोय, दिसणं आणि "घरचा फराळ पाठवला" याचं समाधान. इथे भाव त्या समाधानाचा. हा भाव पडतळीच्या दीडपटही असू शकतो आणि त्यात लबाडी नाही, कारण निवडणं, भरणं, बांधणं आणि वेळेवर पोचवणं हे काम तुम्ही करता.

डबे तीन आकारांचे ठेवा. एकच डबा असेल तर गिऱ्हाईक "घेऊ की नको" असा विचार करतं, तीन असतील तर "कोणता घेऊ" असा. बहुतेक जण मधल्यावर येतात, म्हणून मधल्यातच तुम्हाला सर्वांत चांगलं सुटेल अशी आखणी करा. एखादी कंपनी शंभर डबे मागते तेव्हा सूट जरूर द्या, पण ती वाचलेल्या खर्चातून : एकच पत्ता, एकच बिल, आधी अर्धे पैसे. कंपनी दोन महिन्यांनी पैसे देणार असेल तर सूट विसरा. उधारीचं व्याजच नफ्याचा घास घेतं.

परदेशी जाणाऱ्या डब्याचा मात्र स्वतंत्र विचार हवा. तिथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून आलेल्या आकड्याला सहसा ५,००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात तुम्ही पाच किलो फराळ भरलात तरी पैसे ७.२ किलोचे. पोह्यांचा चिवडा हलका, पण जागा खातो. लाडू त्या मानाने गुणी. म्हणून परदेशच्या डब्यात चिवडा कमी आणि लाडू-शंकरपाळे जास्त, असं गणित सुचवणाऱ्या एका बाईंचं मला फार कौतुक वाटलं.

फराळाचा भाव आणि पाठवणीचा खर्च एकाच आकड्यात कधी सांगू नका. पाठवणी तुमच्या हातात नसते. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली. आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली, तेव्हा दिवाळी दारात उभी होती. न्यू जर्सीतल्या लेकीला "सगळं धरून" एकच आकडा सांगून बसलेल्यांची त्या वर्षी काय तारांबळ उडाली असेल! डब्याचा भाव तुमचा, पाठवणी त्या दिवशीच्या पावतीप्रमाणे, हे लेखी ठेवा.

भाव आधी, माल मागून

एक पद्धत या चारांत बसत नाही, तरी दुकानात छोटी पाकिटं ठेवणाऱ्यांना ती लागते. पाच आणि दहा रुपयांची पाकिटं सुट्ट्या पैशांवर चालतात. दहाची वस्तू अकराला विकता येत नाही. तिथे भाव ठरलेला, आणि त्यात माल, पाकीट, दुकानदाराचा वाटा आणि तुमचा नफा बसवायचा. तेल चढलं की वजन कमी करायचं. बिस्किटांच्या मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं हेच करतात. मात्र कमी केलेलं वजन पाकिटावर ठळक छापा. मापात पाप केल्याचा बोलबाला एकदा झाला की तो पुसला जात नाही.

या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे टाटांची नॅनो. जानेवारी २००८ मध्ये ती जगापुढे आली. एक लाखाचा आकडा आधी ठरला आणि मग गाडी त्यात बसवली गेली : दोन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या काचेला एकच वायपर, चाकाला तीनच नट. अभियांत्रिकी म्हणून थक्क करणारं काम. पण "सर्वांत स्वस्त" हा शिक्का गाडीवर बसला, आणि पहिली गाडी घेणाऱ्याला नेमका तोच नको होता. तो शिक्का चूक होता असं रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. भाव गिऱ्हाइकाच्या खिशाशी बोलतो तसा त्याच्या प्रतिष्ठेशीही बोलतो. लग्नाच्या रुखवतासाठी लाडू घेणारी आई सर्वांत स्वस्त लाडू शोधत नसते.

कायद्याचं थोडं

पाकीटबंद मालावर एमआरपी छापावी लागते आणि तिच्यात सगळे कर आलेले असतात. वरून जीएसटी लावता येत नाही. किमतीसोबत वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क आणि ग्रॅममागची किंमतही द्यावी लागते. या शेवटच्या आकड्यामुळे छोटं पाकीट किती महाग पडतं ते गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दिसतं, तेव्हा दोन आकारांच्या भावात फार तफावत ठेवू नका.

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. त्या टप्प्याजवळ आला असाल तर भाव आधीच नीट बघा. नेहमीच्या नोंदणीत चकली-चिवड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के आहेत (पूर्वी पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालावर बारा होते), म्हणजे १४० च्या पाकिटातले सहा रुपये ६७ पैसे सरकारचे. कंपोझिशन योजना घेतलीत तर माल बनवणाऱ्याला उलाढालीवर एक टक्का, पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा मागता येत नाही आणि खरेदीवरचा कर परतही मिळत नाही. कोणतं परवडेल हे कर सल्लागाराला एकदा पैसे देऊन विचारा. फुकटचा सल्ला इथे महाग पडतो.

भाव वाढवायची वेळ

पद्धत कुठलीही असो, वर्षातून निदान एकदा पडतळ नव्याने काढा. फराळवाल्यांनी ती आषाढात काढावी, कारण श्रावणापासून श्वास घ्यायला फुरसत नसते. वाढवायचाच असेल तर थोडा आणि वेळेवर वाढवा. तीन वर्षं गप्प बसून एकदम शंभर रुपये चढवले की गिऱ्हाइकाला धक्का बसतो. दरवर्षी तीस वाढले तर त्याला सवय होते.

सांगताना पाल्हाळ नको, माफी तर मुळीच नको. "१ सप्टेंबरपासून चकलीचा भाव किलोला ५४० राहील. ३१ ऑगस्टपर्यंत पैसे भरून नोंदवलेल्या ऑर्डरी ५१० नेच दिल्या जातील." एवढा निरोप पुरतो. गॅस वाढला, तेल वाढलं, मुलाची फी भरायचीय, हे गिऱ्हाइकाला सांगत बसलात की ते घासाघीस करायला बसतं, कारण प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर असतं.

आणि निरोप पाठवण्याआधी कपाटात जुन्या भावाची छापील पाकिटं किती उरलीत ते मोजा. छापलेल्या एमआरपीवर चढ्या भावाची चिकटपट्टी लावायला कायद्याने मनाई आहे. तो माल जुन्या भावानेच संपवावा लागतो.